पांढरा शाळिग्राम

सुनेत्राबाईंची मूठ खडकाच्या फटीत अडकली आणि भरतीचं पाणी घोट्यांना लागलं. सोडायची ना मूठ! पण मुठीत होता शाळिग्राम, निदान त्यांच्या मते तरी. हाती आलेला देव कुणी सोडतं का?

२००६ सालचा जून होता तो. आदल्या वर्षी नवरा गेला, पुण्याचा फ्लॅट विकला, घरचा शाळिग्राम देवळात दिला आणि यतीननं आईला उचलून लंडनजवळच्या इल्फर्डला आणलं. आठ महिने खिडकीतून समोरच्या विटा बघत बसल्या होत्या बिचाऱ्या. शेवटी सून वरदाच म्हणाली, "चला आई, समुद्र दाखवते."

वर कुरणात निळी फुलपाखरं, चंडोलाचं गाणं. खाली पांढरेफटक कडे. "हा सगळा खडू आहे आई, समुद्रातल्या बारीक जिवांच्या कवचांचा," वरदा सांगत होती. फाटकावरच्या पाटीवर ठळक लिहिलेलं: संरक्षित जागा, काही उचलू नका, भरतीची वेळ बघा. पाट्या वाचायला बाईंना सवड कुठली! कड्यावरून कोसळलेल्या एका दगडाच्या फटीत त्यांना गोल चक्र दिसलं आणि हात थेट आत गेला.

"अहो आई, फॉसिल आहे ते! इथलं काही न्यायचं नसतं!"

"चक्र आहे त्यावर. पांढरा शाळिग्राम, लाखात एक! मला नको शिकवूस."

पाणी गुडघ्यांपर्यंत चढलं. वर जायचा जिना शंभर पावलांवर, पण मध्ये कड्याचं टोक पुढे आलेलं, तिथे लाटा आपटायला लागल्या.

"सोडा हो, पाया पडते तुमच्या!"

"तू हो पुढे. मी येते मागनं."

"मी नाही जाणार."

वरदा त्यांची कंबर धरून तिथेच उभी राहिली. थंडीनं दात वाजत होते. पोहता येत नाही पोरीला, आणि उभी राहते म्हणे! बाईंना तिचा रागही आला आणि मायाही वाटली. त्यांनी डोळे मिटले, मूठ उघडली. हात सोलवटून बाहेर आला. एकमेकींना ओढत, कंबरभर पाण्यातून, दोघी जिन्याला लागल्या.

वर गवतावर ठेवलेलं आपलं कोरडं जॅकेट वरदानं त्यांना गुंडाळलं. "ओहोटीला परत येऊ, आई. लांबून दर्शन घ्या."

"नको गं," बाई म्हणाल्या, आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा ढसाढसा रडल्या. "तो राहू दे तिथे. मला तरी तुम्ही दोघं त्या खिडकीतून सोडवा."