जड नाव

पहिल्या औषधाने दगा दिला, मग दुसऱ्यानेही. स्तनातली गाठ काढून टाकली होती, पण कॅन्सर फुप्फुसात जाऊन बसला. आमच्या सोलो शहरातल्या इस्पितळातल्या डॉक्टर हाप्सारी म्हणाल्या, "हा जात्याच आडदांड आहे, औषधालाही जुमानत नाही. आता तिसरं देऊन बघू. हे लागू पडायलाच हवं."



माझ्या आईने, इबूने, मात्र सगळं खापर माझ्या नावावर फोडलं. रेत्नानिंग्रुम! राजवाड्यात शोभावं असं नाव वडिलांनी हौसेने ठेवलेलं. आमच्याकडे पोर सारखं आजारी पडलं की 'नाव जड झालं' म्हणतात आणि हलकं नाव ठेवतात. पण पोराचं! मी बेचाळिशीची, शाळेत विज्ञान शिकवणारी बाई.

"इबू, पेशींना नाव कळत नाही गं."

"तुझ्या पेशींना काहीच कळत नाही, म्हणून तर ही वेळ आली!"

तिने नाव बदलताना करतात ती लाल-पांढरी खीर रांधली, शेजारपाजार जेवायला बोलावला आणि मी तिनाह झाले. जुन्या नावाला ओ द्यायची नाही, त्या नावाने आजारच हाक मारतो, अशी ताकीद मिळाली. मी मान डोलावली. तिला नाही म्हणणं मला कधी जमलंय?

तिसऱ्या औषधाच्या दिवशी नर्सने दारातून पुकारलं, "रेत्नानिंग्रुम!"

मी उठायला गेले तर इबूने मनगट धरलं. जन्मभर बाजारात पाठीवर पोती वाहिलेल्या बाईची पकड ती.

"रेत्नानिंग्रुम! आहेत का? औषध तयार आहे."

"सोड गं, वाया जाईल ते!" मी कुजबुजले. इबूचा चेहरा पांढराफटक पडला. ओ दिली तर आजार चिकटणार, नाही दिली तर औषध जाणार.

पुन्हा पुकारा झाला, तशी तीच उठली. "ओ! मी रेत्नानिंग्रुम."

"तुम्ही, आजी?" नर्स हसली. "इथे तर वय बेचाळीस लिहिलंय."

"नाव मी घेतलंय. सुई हिला टोचा. ओझी वाहायची सवय आहे मला."

नर्सने माझ्या मनगटावरची पट्टी तपासली, जन्मतारीख विचारली आणि आम्हा दोघींना आत घेतलं.

तेव्हापासून सगळी गल्ली इबूला माझ्या नावाने हाक मारायची आणि ती ऐटीत ओ द्यायची. मीही चिडवायचे.

काही महिन्यांनी तपासणी झाली. फुप्फुसातले डाग आकसले होते. ही बातमी घेऊन मी धावत घरी आले, तर इबू चुलीपुढे खोकत होती.

"धूर गं नुसता," ती म्हणाली.

धूरच होता. मला कळत होतं. तरी मी तिच्या पाठीला कान लावला.

"इबू, माझं नाव परत दे."

"आधी पुरती बरी हो. तुला पेलायचं नाही ते अजून."

ती पुन्हा खोकली. मी तशीच दारात गेले आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडले, "रेत्नानिंग्रुम मी आहे! ती नाही, मी!"