मला घासू नका

मी या घरातला बिडाचा खोलगट तवा बोलतो आहे. वजनाने भारी, रंगाने काळा आणि सध्या स्वभावाने तिखट. या तिखटपणाचा दोष कृपया मिरच्यांना देऊ नये. त्याला माणसे कारण आहेत.

वाळूच्या साच्यातून निघालो तेव्हा मी खरखरीत होतो. वळण लावले ते या घरच्या बाईंनी. दर रविवारी त्या ढोबळ्या मिरच्या आचेवर धरून साल काळी पडेपर्यंत भाजत, झाकून ठेवत, सोलत आणि निथळू देत. तोवर मी तेल लावून रिकामाच ओव्हनमध्ये तापत असे. मग माझ्यात मिरच्या, कांदा आणि वर चार अंडी, आणि मी पुन्हा ओव्हनमध्ये; अंडी होईपर्यंत दार उघडायचे नाही. पांढरे थिजे, पिवळे थरथरत राही. नंतर पाणी नाही, साबण नाही. गरम असतानाच तेलाच्या फडक्याने पुसत. अठ्ठावीस वर्षांच्या त्या पुसण्याने माझ्या अंगावर आरशासारखा थर चढला होता.

बाईंचे यजमान शिंपी. ते वर्तमानपत्राआड बसत आणि ताट पुढे आले की जेवत.

गेल्या वर्षी बाई गेल्या, आणि यजमानांचे खाणे चहात बुडवलेल्या पावावर आले. स्वतःच्या मापाने शिवलेले सदरे आता त्यांनाच सैल होतात. ते पाहून लेक आठ दिवसांची रजा काढून आली. हेतू चांगला होता, मान्य आहे. परंतु येताक्षणी तिने काय करावे?

"किती कळकट झालाय हा!" असे म्हणून तिने मला साबणाच्या पाण्यात बुडवले, तारेने घासले आणि अठ्ठावीस वर्षांची पुण्याई मोरीत सोडली.

मग तीन सकाळी तोच छळ. मी थंड, मिरच्या कच्च्या आणि पाणी सुटलेल्या, ओव्हनचे दार मिनिटामिनिटाला उघडे. अंडी मला गोंदासारखी चिकटली.

"तवाच दळभद्री!" लेक म्हणाली. नाचता येईना, अंगण वाकडे!

"बाबा, आई नेमकं काय करायची हो?"

"करायची... छान करायची."

"अहो, पण कसं? इतकी वर्षं समोर बसून खाल्लंत ना?"

"मी ताटात बघत होतो गं."

मला सगळे ठाऊक होते. पण बिडाला वाचा नसते, आणि असती तरी विचारतो कोण?

शनिवारी लेकीचा धीर सुटला. "उद्या शेवटचं करून बघते. नाही जमलं तर तवा भंगारात. पण बाबा, तुम्हाला असं अर्धपोटी ठेवून मी जाऊ कशी?" डोळे पुसत ती खण आवरू लागली आणि एका डब्यातून काळे, तेलकट फडके निघाले. "ई! काय हे?"

"थांब," यजमान उठले. त्यांनी फडके उजेडात धरले. "हे काज माझ्या हातचं आहे. अगं, हा माझा सदरा! इस्त्रीवाल्याने हरवला म्हणून मी त्याच्याशी भांडलो, त्याचं घरी येणं तोडलं!"

"आणि आई?"

"म्हणाली, जाऊ द्या, सापडेल कुठंतरी."

बापलेक हसता हसता रडली. मग ते फडके हुंगत यजमान सावकाश म्हणाले, "बघितलं नाही मी, पण ऐकलंय. आधी रिकामा तवा ओव्हनमध्ये ठेवल्याचा आवाज. मग मिरच्या जळल्याचा वास. आणि जेवण झाल्यावर पाण्याचा आवाज कधीच नाही."

त्याच दुपारी त्यांनी स्वतः मला तीनदा तेल लावून तापवले. रविवारी तीन अंडी अलगद सुटली, चौथे चिकटले. ते त्यांनी चमच्याने खरवडून खाल्ले आणि पाव मागितला. लेकीचा हात सवयीने तारेकडे गेला.

"घासायचं नाही!" ते गरजले.

लेक निर्धास्त मनाने गेली. आज पुन्हा रविवार आहे आणि टेबलावर दोन ताटे आहेत. दुसरे इस्त्रीवाल्याचे, त्याची क्षमा मागायची आहे. पाहुणा खुर्चीवर अवघडून बसला आहे, आणि यजमान घाबरून ओव्हनचे दार पाचव्यांदा उघडत आहेत.

वाचकहो, एवढी विनंती कोणीतरी त्यांच्या कानी घाला: दार मिटा. मी आहे ना आत.