पाटीवरची कंपनी

धाकट्या भावाने भांडून समोरच वेगळं दुकान थाटलं, तेव्हा थोरल्याने पाटीवरचं ‘आणि कंपनी’ पुसायला रंगाऱ्याला शिडीवर चढवलं.

शाळेत इंग्रजी शिकवणारी त्याची सून डबा घेऊन आली. वर बघून म्हणाली, "बाबा, कंपनी या शब्दाचा पूर्वजन्म ठाऊक आहे? लॅटिनमध्ये पानिस म्हणजे पाव आणि कम् म्हणजे सोबत. एकाच पावातले तुकडे वाटून खाणारे, ती कंपनी. धंदा मागाहून चिकटला."

"मग तर पुसायलाच हवं. तो आता माझ्यासोबत जेवतो कुठे?"

"तुम्ही बोलावलंत?"

थोरल्याने रस्त्यापलीकडे पाहिलं. लग्नांनंतर चुली वेगळ्या झाल्या, तरी दुपारचा घास दोघांनी कधी वेगळा घेतला नव्हता. समोर धाकटा एकटाच डबा उघडून बसला होता.

"शेठ, मारू का ब्रश? हात भरून आला," रंगारी वरून ओरडला.

"उतर खाली," म्हणत थोरल्याने डबा उचलला आणि रस्ता ओलांडला.

धाकटा घुश्शातच म्हणाला, "अजून काही भांडायचं राहिलंय का?"

"राहिलंय ना, पण जेवल्यावर. सरक तिकडे."

धाकटा सरकला.