न मागितलेले तीन क्लेम

बायको गेली ते मला फोनवर कळलं. मी वर्कशॉपमध्ये एका दाराला रंधा मारत होतो. ती नर्स होती, घरोघरी जाऊन पेशंट बघायची. त्या दिवशी एका पेशंटचा जिना चढताना कोसळली ती उठलीच नाही. गाडी त्या बिल्डिंगखाली नीट लावलेली होती. दुसऱ्या दिवशी मी ती घरी आणली, जवळजवळ सगळा रस्ता दुसऱ्या गिअरमध्ये.

दीड महिन्याने विम्याच्या नूतनीकरणाचं पत्र आलं, तिच्याच नावाने. घरात आता मी आणि सासूबाई. त्यांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागतं, दवाखाना शहराच्या दुसऱ्या टोकाला. परत येताना त्यांना उभंही राहवत नाही. म्हणजे गाडी हवीच, आणि गाडी ठेवायची तर हप्ता एका पगारात बसायला हवा.

मी विचार केला, आधी दोघं चालवायचो, आता एकटा. गाडी कमी फिरणार, मग हप्ताही कमी करायला सांगू. कंपनीला फोन लावला. अर्धा तास तेच तेच संगीत ऐकलं, मग एक मॅडम आल्या.

“सर, अठरा वर्षांत एकही क्लेम नाही, म्हणून निम्मी सवलत होती. पण ती तुमच्या मिसेसच्या नावावर. गाडी तुमच्या नावावर झाली की सवलत जाते.”

“म्हणजे माणूस गेलं आणि हप्ता दुप्पट?”

“नियम आहे सर. तुम्हीही तीच गाडी चालवत असाल तर सवलत तुम्हाला देता येते. तुमच्या हातून कधी काही नुकसान?”

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण आम्ही किती सरळ माणसं आहोत हे मला त्यांना पटवायचं होतं.

“तीनदा मी बंपर ठोकला, मॅडम. दोनदा आमच्याच फाटकाला, एकदा दवाखान्याच्या खांबाला. तिन्ही वेळा तिने स्वतःच्या पगारातून दुरुस्ती केली. तुमच्याकडे एक पैसा मागितला नाही.”

पलीकडे टाइप केल्याचा आवाज आला. “तीन अपघात. नोंद करून घेते सर.”

सासूबाई बाहेरच्या खोलीत बसून सगळं ऐकत होत्या.

“जावईबापू, तीस वर्षांत तुम्ही माझ्याशी एवढं बोलला नाहीत.”

“मग खोटं सांगायचं होतं?”

“खोटं कोण सांगा म्हणतंय? गप्प बसायचं. माझी लेक अठरा वर्षं गप्प बसली म्हणून ती सवलत होती.”

पुढचे पंधरा दिवस मी हप्ता कमी करण्यात घालवले. काच फुटल्याचं संरक्षण काढलं. गाडी ओढून नेण्याची सोय काढली. लहान नुकसान स्वतः भरायचं कबूल केलं, ते तसंही घरात चालत आलेलंच होतं. कमी किलोमीटरची योजना घेतली. त्यात दर महिन्याला मीटरचा फोटो पाठवायचा. पहिला लगेचच हवा होता. एका प्रयत्नात माझा अंगठा आला, दुसऱ्यात नुसता अंधार. तिसरा सासूबाईंनी काढला, तो चालला.

एवढं करूनही आकडा आवाक्याबाहेरच. शेवटी त्याच मॅडम म्हणाल्या, सुरक्षित ड्रायव्हिंगचा कोर्स करा, पास झालात तर ते तीन ठोके माफ होतील. साठाव्या वर्षी मी शिकाऊ पोरापोरींच्या रांगेत बसलो. शिकवणारा माझ्या निम्म्या वयाचा. मी रिव्हर्स घेतला की तो डोळे मिटून घ्यायचा.

“काका, काम काय करता?”

“सुतार आहे.”

“आणि गाडी रेषेच्या फूटभर बाहेर? दार असं बसवलंत तर गिऱ्हाईक उभं करेल का?”

राग आला, पण बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी मी दोन्ही बाजूंचं अंतर टेपने मोजलं आणि आरशावर चिकटपट्टी लावून तिच्यावर पेन्सिलने खूण केली. चौथ्या खेपेला पास झालो.

कंपनीने सवलत मान्य केली, पूर्ण नाही, पण गाडी ठेवता येईल इतकी. एकच अट. जुनी पॉलिसी संपायच्या आत गाडी माझ्या नावावर व्हायला हवी. त्यासाठी एक अर्ज आहे. त्यात मूळ मालक हयात की मयत यावर खूण करायची आणि खाली वारसांनी सह्या करायच्या, नवऱ्याने आणि आईने.

अर्ज मी सासूबाईंपुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि माझ्याकडे सरकवला.

“आधी तुम्ही.”

“तुम्ही मोठ्या आहात.”

“मोठी आहे म्हणूनच सांगतेय. आधी तुम्ही.”

मग त्या औषधाची गोळी घ्यायला म्हणून उठून गेल्या आणि अर्जाकडे परत आल्याच नाहीत.

त्याला चार दिवस झाले. पॉलिसी शुक्रवारी संपते, आणि शुक्रवारीच त्यांचं डायलिसिस आहे. अर्जावर गाडीचा नंबर आणि पत्ता भरलाय. खूण आणि दोन्ही सह्या राहिल्या आहेत.