आधी लग्न, मग गुडघे

“सूनबाईचं नाव आलं, की ताईंचं जाणार,” पॉलिसीवाले काका आपल्या माडीवरच्या ऑफिसात म्हणाले.

कारखान्यात लेथवर काम करणारा टर्नर, ताईचा धाकटा भाऊ, हसला. काकांची थट्टा अशीच असे, चेहऱ्यावरची माशी हलत नसे. “काका, नाव वाढवायला आलोय, खोडायला नाही.”

“कारखान्याच्या विम्यात लग्न न झालेल्याला अवलंबून असलेली बहीण चालते. लग्न झालं की बायको नि पोरं, बस. नियम काही मी केला नाही बाबा.”

ताईने मान हलवली, जणू शेजारणीबद्दल बोलणं चाललं होतं. आईबाप गेल्यावर शाळेचे गणवेश शिवून तिने या भावाला वाढवलं होतं. दोन्ही गुडघे त्यात झिजले. गेल्याच वर्षी डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सांगितली. विम्यात सगळं बसत होतं. पण ताईचं एकच पालुपद: आधी याचं लग्न, मग गुडघे. मुली बघायला, हॉल ठरवायला, पत्रिका वाटायला त्याच गुडघ्यांनी ती गावभर जिने चढली. बाई हिशेबाला चोख, फक्त क्रम चुकला.

नवी नवरी चाचरत म्हणाली, “मग माझं नाव राहू दे. मला काय धाड भरलीय? ताईंचं आधी होऊ दे.”

“तसं चाललं असतं तर मीच सुचवलं असतं, पोरी. पण याने लग्नाची रजा घेतली, साहेबासकट अख्खं खातं जेवून गेलं. ताई त्याच दिवशी विम्यातून बाहेर पडल्या. आज आपण नुसतं कागदावर आणतोय.”

“तिची वेगळी पॉलिसी काढा,” टर्नर म्हणाला.

“काढू. पण जुनं दुखणं तीन वर्षं धरत नाहीत.”

मग टर्नर पुटपुटला, “मी म्हणत होतो, आधी करून घे.”

“म्हणत होतास. तुझं मी कधी ऐकलंय?” ताई म्हणाली. “कर सही. उद्या हिची बाळंतपणं निघतील. आणि माझं काय, शिवणाऱ्या बाईचं बसूनच काम.”

“मशिन पायाचं ना तुमचं?” काकांनी विचारलं.

“काका, तुम्ही पॉलिसी बघा.”

लोखंडावर केसाएवढीही चूक न करणाऱ्या टर्नरने स्वतःचं आडनाव दोनदा लिहिलं. काकांनी एक मुकाट्याने खोडलं.

“तुम्ही दोघं पुढे व्हा, कोपऱ्यावर रिक्षा बघा. मी आलेच,” ताई म्हणाली.

ती दोघं गेली. काका बाहेरच्या जिन्याच्या दारापर्यंत आले. “हात देऊ?”

“नको. तुम्ही बसा आत.”

दोघं कोपऱ्यापलीकडे दिसेनाशी होईपर्यंत ताई थांबली. मग तिने रस्त्याकडे पाठ केली, कठडा दोन्ही हातांनी धरला आणि शिडी उतरावी तशी, एकेक पाय मागे टाकत, ती जिना उतरू लागली. तिचं तोंड आता काकांकडे होतं.

काका आत गेले नाहीत. भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.