भाऊंच्या पांढऱ्या पेशी

संशोधन संस्थेच्या भांडाराच्या किल्ल्या वीस वर्षं सांभाळणाऱ्या भाऊंना कुणी आळशी म्हटलेलं मुळीच खपत नसे. त्यामुळे प्रयोगशाळेतली तरुण संशोधक सहज म्हणून गेली, "भाऊ, तुमच्या पांढऱ्या पेशी जरा सुस्तच दिसतायत," तेव्हा भाऊंचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला.

रक्त त्यांनीच दिलं होतं, हौसेने, फॉर्मवर झोकदार सही ठोकून. प्रयोग असा होता, की काचेच्या बारीक नळीत रक्तवाहिनीच्या पेशींचं अस्तर वाढवायचं, जखम झाली की शरीर जो रासायनिक निरोप धाडतं तो त्यावर सोडायचा, आणि मग वाहत्या द्रवातून पांढऱ्या पेशी पाठवायच्या. निरोप लागला की त्यांनी थांबायचं, अस्तराला बिलगायचं आणि निरोप दाट असेल तिकडे सरकत जायचं. भाऊंच्या पेशी सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर आल्या तशा गेल्या. एकीनेही मागे वळून पाहिलं नाही.

हे भाऊंनी घरी सांगायला नको होतं. भाजी निवडता निवडता बायको म्हणाली, "त्यात नवल ते काय? पंखा पुसा म्हणून दोन महिने निरोप देतेय मी. तो तरी कुठे पोचतोय?"

"अगं, ते वेगळं."

"रक्त तेच ना?"

भाऊंनी स्टूल ओढलं आणि पंखा पुसला. दुसऱ्या दिवसापासून लिफ्ट सोडून जिने चढायला लागले. आठवड्याने बाही वर सारून पुन्हा हजर. "आता बघा!"

बघितलं. पुन्हा तेच.

मग भाऊंनी मेव्हण्याला पकडून आणलं. हा गृहस्थ रोज पहाटे पोहायचा आणि दिवसभर ते लोकांना सांगायचा. त्याच्याही पेशी सुसाट वाहून गेल्या. भाऊंना झालेला आनंद लपवता लपवेना.

संशोधक मात्र कपाळाला हात लावून बसली. "म्हणजे दोष पेशींचा नाहीच. निरोपच जागेवर टिकत नाहीये."

"टिकेल कसा?" भाऊ म्हणाले. "एवढी धार वाहतेय. त्याला धरून ठेवायला आहे का काही तिथे?"

"असतं ना. अस्तराच्या पेशींवर साखरेच्या साखळ्या असतात, अंगावर लव असते तशा. निरोप त्यांना चिकटून राहतो, म्हणून तर..." बोलता बोलता ती थांबली. ताडकन उठून तिने त्या साखरेलाच धरणारा हिरवा रंग नळीत सोडला. जास्तीचा धुऊन काढला. पडदा हिरवागार व्हायला हवा होता. तो काळाठिक्कर राहिला.

"टक्कल!" ती ओरडली. "टक्कल पडलंय, भाऊ! कशाने तरी सगळी लव तासून निघालीय." ती फ्रीजमधल्या बाटल्या भराभर बाहेर काढून लेबलं वाचू लागली. "नळीत लावण्याआधी अस्तराच्या पेशी बशीतून सुट्या करायचं हे औषध... हे कधीपासून? आपलं तर सौम्य असतं."

भाऊंनी बाटली ओळखली. सौम्य बाटल्या महिन्यापूर्वी संपल्या होत्या आणि त्यांनीच तिच्या हातात ही कडक जातीची ठेवली होती. दोन्हींची झाकणं निळी. वर "घ्या हो, सगळं एकच" असंही म्हणाले होते.

"ते... मीच दिलं," भाऊ खाली मान घालून म्हणाले.

ती खो खो हसत सुटली. "आणि मी लेबल न वाचता घेतलं! वर पेशींना लव पुन्हा उगवायला उसंतही दिली नाही. सकाळी सोडवल्या की दुपारी प्रयोग."

सौम्य औषध आलं. अस्तराला दोन दिवस निवांत पडू दिलं. हिरवा रंग सोडला तर पडद्यावर गवताचं कुरण. मग भाऊंचं रक्त, तिसऱ्यांदा. पहिली पांढरी पेशी घरंगळत आली, अडखळली, थांबली. चपटी झाली. आणि ठरल्या दिशेने हळूहळू सरकू लागली.

"माझी!" भाऊ खुर्चीतून अर्धे उठले. "ती बघा, ती माझी! आणि ती मागची पण!"

"सगळ्याच तुमच्या आहेत, भाऊ."

खाली भांडाराच्या बंद दारापाशी चौघं ताटकळत होते. शिपाई दोनदा बोलवून गेला. "आलोच," भाऊ म्हणाले, आणि खुर्ची आणखी पुढे ओढून बसले.