जांबाखालचा पितळी गंज

मित्रांनो, मी एक जुना पितळी गंज आहे. तुमच्याकडे मला कदाचित पातेलं म्हणत असतील. बपेरा गावात धुरपताबाईंच्या घरामागे सांदवाडी आहे, म्हणजे भाजीपाल्याचा छोटासा तुकडा. तिथे जांबाच्या, तुमच्या भाषेत पेरूच्या, झाडाखाली माझी जागा आहे. माझा काठ एका बाजूने चेपला आहे आणि बुडाशी हिरवट डाग चढले आहेत. पण मी अजून कुठे गळत नाही.

माझा जन्म भंडाऱ्याचा. एका म्हाताऱ्या कारागिराने मला ठोकून ठोकून गोल केलं. धुरपताबाईंच्या लग्नात मी त्यांच्यासोबत बैलगाडीतून सासरी आलो. नव्या घरी जाताना त्या घाबरल्या होत्या. सगळी वाट त्यांनी मला मांडीवर घट्ट धरून ठेवलं होतं.

त्यानंतरची वर्षं माझ्या वैभवाची. धानाच्या रोवणीला, म्हणजे भातलावणीला, बाया आल्या की त्यांचा भात माझ्यातच शिजे. बांधावर जेवताना त्या म्हणत, "धुरपते, तुझ्या गंजातला भात लय मोकळा होते वो." ते ऐकून माझी छाती फुगे. वर्षातून एकदा कल्हईवाला येई आणि मला आतून चांदीसारखा करून जाई.

पुढे घरात कुकर आला, स्टीलची भांडी आली. कल्हईवाला येईनासा झाला. कल्हई नाही म्हणून माझ्यातलं ताक कळकलं आणि एके दिवशी मी माळ्यावर गेलो. तिथे किती वर्षं काढली, ते सांगता येणार नाही. धुळीत दिवस मोजता येत नाहीत.

मग एका उन्हाळ्यात धुरपताबाईंचे यजमान टिकाराम शेतावरून पिशवीत कुत्र्याचं पिल्लू घेऊन आले. मातकट रंगाचं, पोट खपाटीला गेलेलं. त्याला पाणी ठेवायला त्यांनी मला खाली काढलं.

"माझ्या मायच्या घरचा गंज होय तो," धुरपताबाई म्हणाल्या. "कुत्र्याले काहून देऊन राहिले जी?"

"पाणीच पिऊन राहिला ना तो," टिकाराम म्हणाले. "माळ्यावर कोण पुसते त्याले?"

मित्रांनो, खरं सांगतो, मला फार लाज वाटली. ज्याच्यात पंगतीचा भात शिजला, त्याच्यात आता कुत्र्याची जीभ! पण त्या पिल्लाने माझ्यात तोंड घातलं, पाणी प्यायलं आणि माझ्याच गार पोटाला पाठ लावून ते झोपून गेलं. इतक्या वर्षांत इतकं जवळ कोणीच आलं नव्हतं. त्याचं नाव भुऱ्या ठेवलं.

मग आमचा रोजचा दिवस ठरून गेला. सकाळी धुरपताबाई सांदवाडीत येत. माझ्यातलं कालचं पाणी त्या धोप्याच्या, म्हणजे अळूच्या, पानांना घालत आणि ताजं पाणी उंचावरून माझ्यात ओतत. मी टण्‌कन वाजलो की भुऱ्या असेल तिथून धावत येई. त्या भेदरं, म्हणजे टोमॅटो, निंदायला बसल्या की हा शेजारच्या ओल्या सरीत लोळे. कधी हळदीचे गड्डे उकरून टाकी. मग त्या खुरपं उगारत, शिव्या देत आणि तेच गड्डे परत मातीत लावत. माकडं वालाच्या मांडवावर उतरली की मात्र भुऱ्या त्यांना नदीपर्यंत पिटाळून येई. त्या दिवशी त्याला भाकरीवर दूध मिळे.

टिकाराम गेले, तेव्हा भुऱ्या दोन दिवस फाटकाशी बसून होता. धुरपताबाईंनी सांदवाडी मात्र एक दिवसही कोरडी राहू दिली नाही. वर्षं गेली. भुऱ्याच्या डोळ्यांवर दुधाळ पडदा आला आणि हळूहळू त्याला दिसेनासं झालं. तरी सकाळी माझा आवाज झाला की तो मांडवाच्या खांबाला धडकत, वाफे चुकवत माझ्यापर्यंत पोचे.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात धुरपताबाई ओट्यावरून पडल्या. मांडीचं हाड मोडलं. मुलगा मनिष त्यांना भंडाऱ्याच्या दवाखान्यात घेऊन गेला. घरी राहिली सून तृप्ती. घर, सांदवाडी आणि भुऱ्या, तिन्ही तिच्या अंगावर पडलं. कुत्र्यांची तिला लहानपणापासून भीती. ती लांबूनच भाकरी टाके.

सासू घरी येण्याआधी घर आवरावं म्हणून तिने जुनी भांडी काढली आणि मलाही उचललं. तुमसरला बाबूलालच्या भांड्यांच्या दुकानात आम्हा सगळ्यांना मोडीत देऊन तिने स्टीलचा ड्रम नेला. मी फुटक्या लोट्यांच्या आणि परातींच्या ढिगावर जाऊन पडलो. दोन दिवसांनी गाडी येणार होती, भट्टीकडे नेणारी.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तृप्ती दुकानात आली. तिचा चेहरा उन्हाने लाल झाला होता.

"दादा, काल देल्लेला गंज आहे का अजून?"

"आहे. काहून?"

"कुत्र्यानं कालपासून पाणी नाही पेल्लं. नवा टप ठेवला त्याच्यासाठी. नाकाशी नेला, तर तोंड फिरवते. गंज होता तिथं मातीत गोल खळगा पडला आहे. त्याच्यात तोंड घालून पडला आहे तो. आंधळा आहे जी."

बाबूलालने विचारलं, "अन् ड्रम?"

"वापस आणला. बाहेर ऑटोत आहे."

बाबूलाल स्वतः ढिगावर चढला. परातीखालून त्याने मला ओढून काढलं आणि धोतराच्या सोग्याने पुसून तिच्या हाती दिलं.

घरी आल्यावर तिने मला त्याच खळग्यात बसवलं. भुऱ्या बाजूला आडवा पडला होता, जीभ बाहेर आलेली. तिने बादलीतून उंचावरून पाणी ओतलं. मी वाजलो. त्याचा एक कान हलला. मग तो पुढच्या पायांवर उठला, तोल गेला, पुन्हा उठला. तृप्ती दोन पावलं मागे सरली होती. ती पुढे आली आणि त्याच्या पोटाखाली हात घालून तिने त्याला माझ्यापर्यंत आणलं. तो किती वेळ पाणी पीत होता! तिचा हात त्याच्या पाठीवरच राहिला.

धुरपताबाई वॉकर घेऊन घरी आल्या, तेव्हा तृप्तीने सगळं सांगून टाकलं. "आई, मले नव्हतं माहीत."

धुरपताबाई सांदवाडीकडे वळल्या. मग म्हणाल्या, "वांग्याले पाणी देल्लंस?"

"देल्लं जी."

"मंग झालं. उद्या मले खुर्ची टाकून दे तिथं. निंदायचं कसं, ते सांगतो तुले."

भुऱ्या आता फार म्हातारा झाला आहे. बहुतेक वेळ झोपलेलाच असतो.

मित्रांनो, माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमच्या घरी म्हातारं जनावर असेल, तर त्याचं पाण्याचं भांडं रोज एकाच जागी ठेवा. हलवावंच लागलं, तर त्यालाही सोबत घेऊन जा आणि नवी जागा दोन-चार दिवस हाताने दाखवा. त्याला तहान लागल्याचं सांगता येत नाही. ते फक्त जुन्या जागेवर जाऊन वाट बघत बसतं.